लॉर्डच्या पुढे कोणी जात नाही

हिकर्बी गावच्या कापणीत एक लॉर्ड असायचा आणि एक लेडी असायची, आणि दोघांच्याही गालांवर आठवड्याची दाढी वाढलेली असायची.

जमिनीचा खरा लॉर्ड लंडनला राहायचा. त्याला गावात कोणी पाहिलेला नव्हता. कापणीचा लॉर्ड निराळा. गहू पिवळा पडला की गावचे कापणारे, लॉर्डची जमीन खंडानं कसणाऱ्या गूच मालकाच्या कोठारापुढे गोल करून उभे राहत आणि आपल्यातल्याच एकाला लॉर्ड करत. मालकाशी मजुरीचं बोलणं त्यानं करायचं, विसावा कधी घ्यायचा ते त्यानं सांगायचं, बिअरचं पिंप कधी उघडायचं तेही त्यानंच. शेतात सगळ्यांच्या पुढे त्याचा लांब दांड्याचा विळा चालायचा, आणि तो ज्या लयीत चालेल त्या लयीत मागच्या वीस-बावीस जणांनी चालायचं. त्याच्या पाठोपाठचा जो दुसरा, त्याला लेडी म्हणत. का म्हणत ते कोणालाच माहीत नव्हतं. आजे-पणजे म्हणत होते म्हणून हेही म्हणत.

नोआ थर्टल चौदा वर्षं लॉर्ड होता आणि ओबेड नड चौदा वर्षं त्याची लेडी.

"काय बाईसाहेब, आज परकर घरीच राहिला वाटतं?" सकाळी सकाळी नोआ विचारायचा.

"वाळत घातलाय लॉर्डसाहेब. तुमचा मुकुट शेजारीच लटकतोय बघा."

आणि हसत हसत पहिला फेर सुरू व्हायचा. नोआ सहा फूट उंच, ओबेड त्याच्या खांद्याला लागायचा. कापताना ओबेडला पुढचं शेत दिसायचंच नाही, नोआची घामानं काळी पडलेली पाठ तेवढी दिसायची. त्याला त्याचं काही वाटत नसे. ती पाठ उजवीकडे वळली की आपलं अंग आपोआप उजवीकडे वळतं, ती थांबली की हात थांबतो, हे त्याच्या हाडांत मुरलं होतं. लॉर्डच्या पुढे विळा टाकणं ही तर विचारसुद्धा करायची गोष्ट नव्हती. एकदा नॉरफोकच्या दक्षिणेकडून आलेल्या एका नव्या गड्यानं घाईघाईत तसं केलं, तर सगळ्यांनी त्याला उचलून तळ्यात टाकला होता.

हे झालं उन्हाळ्याचं. पण माणूस काही नुसता उन्हाळ्यात जेवत नाही.

पूर्वी हिवाळ्यात घरोघर दोन आधार असत. एक बायकांचा चरखा आणि दुसरा पुरुषांची मळणी. ओबेडच्या आईनं लोकर कातून शहरातल्या विणकरांना सूत पुरवलं होतं, त्यावर त्याच्या लहानपणी चूल पेटायची. मग उत्तरेकडे यॉर्कशायरात वाफेवर चालणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांचं सूत कालव्यातून आणि समुद्रातून इतकं स्वस्त येऊन पडायला लागलं की विणकर म्हणाले, तुमचं हातचं सूत आता राहू द्या. आणखी काही वर्षांनी विणकरही बसले. ओबेडची बायको हेस्टर कातायला शिकली होती, पण तिचा चरखा फारसा फिरलाच नाही. एका थंडीत तो मोडून चुलीत घातला.

उरली मळणी. कापणी संपली की माणसं कोठारात शिरत आणि मार्चपर्यंत गहू झोडत. बाममाशाच्या चिवट कातड्यानं एकमेकांना बांधलेली दोन दांडकी, समोरासमोर दोन गडी, आणि दिवसभर धप-धप, धप-धप. नाकातोंडात धूळ जायची, खांदे भरून यायचे, पण डोक्यावर छप्पर असायचं आणि शनिवारी घरी पीठ यायचं.

गूच मालकानं मळणीचं यंत्र आणलं आणि तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत उरकायला लागलं. लोखंडी दात्यांचं पिंप मध्ये फिरायचं, बाहेर चार घोडे गोल गोल चालत ते फिरवायचे, आणि पेंढ्या भरायला दोन-तीन बायका पुरत. यंत्राचा आवाज झोडण्यासारखा नव्हता. ते घुमायचं. वारा पडलेला असला की अर्ध्या कोसावर ऐकू यायचं.

नोव्हेंबरात ओबेडची धाकटी डायना गेली. दोन वर्षांची होती. खोकला होता, घरात जळण नव्हतं, आणि हेस्टरच्या अंगावर दूध राहिलं नव्हतं. सलगम उकडून त्याचं पाणी पाजत होते. चर्चच्या आवारात पाद्रीबाबा प्रार्थना म्हणत होते तेव्हा गूचच्या कोठारातून ते घुमणं येत होतं. पाद्रीबाबांनी आवाज थोडा चढवला. ओबेडला प्रार्थनेतला एक शब्द नंतर आठवला नाही. घुमणं मात्र आठवायचं.

त्याच सुमारास घोडागाडीवाला बातमी घेऊन आला. शहराचा नवा रस्ता खडी दाबून इतका कठीण केला होता की लंडनची बातमी आता दीड दिवसात गावच्या गुत्त्यात पोचायची. तिकडे केंटमध्ये मजुरांनी मळणीयंत्रं फोडली, आणि मालकांनी मुकाट्यानं मजुरी वाढवली, असं छापून आलं होतं. गुत्तेवाल्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बावीस जणांनी ऐकलं आणि बावीसही माना नोआकडे वळल्या.

"फोडायबिडायचं नाही," नोआ म्हणाला. "मी बोलतो गूचशी. दर उन्हाळ्यात बोलतो तसंच बोलतो. तुम्ही मागं उभे राहा, आणि हात कोणी उचलायचा नाही."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर पुन्हा बोलतो. तुला काय घाई? राणीसाहेबांकडे जेवायला जायचंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सगळे गूचच्या अंगणात गेले. कोणी हातोडा घेतला होता, कोणी कुऱ्हाड, नुसती दाखवायला. नोआ पुढे गेला, टोपी काढली. ओबेड नेहमीप्रमाणे त्याच्या पाठीमागे.

गूच काही वाईट माणूस नव्हता. तो बिचारा घाबरला होता. "नोआ, अरे मी एकट्यानं यंत्र बंद केलं आणि बाकीच्यांनी चालू ठेवलं, तर माझा गहू महाग पडेल. बाजारात घेईल कोण?"

"निम्मा यंत्राला घाला मालक, निम्मा आम्हाला द्या. मार्चपर्यंत घरं तगतील. बाकीच्या मालकांकडे मी स्वतः जाऊन बोलतो."

गूचनं हनुवटी खाजवली. "निम्मा..." तो म्हणाला. "बघू. तिसरा हिस्सा म्हणशील तर..."

कोठारामागच्या घोडेवाल्याला अंगणात काय चाललंय ते माहीत नव्हतं. त्यानं नेहमीच्या वेळेला घोडे हाकले. यंत्र घुमायला लागलं.

ओबेडला पुढे काय झालं ते नीट सांगता आलं नसतं. शेजारच्याच्या हातातला घण आपण कधी घेतला, नोआच्या बाजूनं पुढे कसे निघालो, काही कळलं नाही. आत शिरल्यावर बायका ओरडत पळाल्या. त्यानं घण उचलला आणि फिरत्या दातांवर घातला. मागून नोआची हाक आली, "ओबेड! थांब!"

ती त्याला स्वच्छ ऐकू आली. तो थांबला नाही.

मग बांध फुटल्यासारखे सगळे आत घुसले. गूच केव्हाच शिपायाला आणायला पळाला होता. अर्ध्या तासात यंत्राचं भंगार झालं. अगदी शेवटी नोआ आत आला, कोणाच्या तरी हातातला हातोडा घेतला आणि मोडलेल्या लोखंडावर एकच घाव घातला. माणसं सगळी आत आणि लॉर्ड बाहेर, हे त्याला जमलं नसतं.

ज्या रस्त्यानं केंटची बातमी आली होती त्याच रस्त्यानं तिसऱ्या दिवशी घोडेस्वार आले. गूचनं आठवतील ती पाच नावं दिली. पहिलं नाव नोआचं, कारण बोलला तोच. ओबेडचं नाव त्यात नव्हतं. नोआच्या पाठीमागे उभा असलेला माणूस गूचला दिसलाच नव्हता.

नोआची बायको केझाया तुरुंगात त्याला भेटून आली, तेव्हा ओबेड तिच्या दारातच बसून होता.

"तुझ्यासाठी निरोप आहे," ती म्हणाली. "म्हणाला, बाईसाहेबांना सांग, गप घरात बसा. चार महिने मला जड नाहीत. तुमच्या घरात चार तोंडं आहेत आणि हेस्टर आजारी. शहाणपण करायला जाल तर परत आल्यावर तंगडं मोडीन."

ओबेडनं मान खाली घातली. पहिला घाव कोणाचा, याबद्दल नोआनं तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

पण केझाया एका वकिलाच्या दारातही जाऊन आली होती. वकील भेटला नाही, त्याच्या कारकुनानं उंबऱ्यातच दोन गोष्टी सांगितल्या. वरून हुकूम आला होता की प्रत्येक टोळीचा पुढारी शोधून काढायचा. जो पुढारी ठरेल तो सात वर्षं समुद्रापार, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला. बाकीचे इथल्याच तुरुंगात चार महिने. सात वर्षं म्हणायची, पण जाताना जहाज सरकारचं असतं आणि येताना ज्याचं त्यानं बघायचं. मजूर माणूस परत आलेला कोणी पाहिलेला नाही. कैद्याला स्वतःचा वकील बोलायला उभा करता येत नाही. त्याच्या चालीबद्दल चांगलं सांगणारा एखादा साक्षीदार मात्र आणता येतो. "इभ्रतदार माणूस आणा," कारकून म्हणाला होता. "आणि एक सांगून ठेवा. पहिला घाव कोणी घातला असं विचारलं, तर पाहिलं नाही म्हणावं."

पाद्रीबाबांनी नाही म्हटलं. लोहारानं नाही म्हटलं. गुत्तेवाल्याला परवान्याची भीती.

"मी येतो," ओबेड म्हणाला.

"तुला आत टाकतील."

"टाकू देत."

तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पहिला घाव कोणाचा हे तिला ठाऊक होतं की नाही, ते त्याला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

जानेवारीत पाच कोसांची वाट दोघं चालत निघाली. रस्त्याकडेचं पाणी गोठलं होतं. केझायानं वाटेत त्याची तयारी करून घ्यायला सुरुवात केली.

"हं, मी न्यायाधीश. सांग, नोआ थर्टल कसा आहे?"

"उंच आहे."

"अरे देवा! चालीनं कसा आहे?"

"चालीनं... दमदार. उजवा पाय जरा ओढतो."

"ओबेड नड, मी तुला इथंच चरात ढकलीन. माणूस म्हणून कसा आहे?"

ओबेड म्हणाला, "त्याच्यासारखा नाही दुसरा."

"हां! तसं बोल. खांबासारखा उभा राहू नकोस. मनात असेल ते सगळं सांग, काही राखू नकोस. त्यांनी त्याला बघितलेलाच नाही ना. तू दाखव." तिनं आपली शाल काढून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली. "आणि नाक पूस. इभ्रतदार दिसायला हवास."

कोर्टाच्या दारात ही गर्दी. मोठ्या घरच्या बायका खटला बघायला आल्या होत्या, गाड्यांची रांग लागली होती. केझायाला आत जागा मिळाली नाही. शिपायानं साक्षीदार म्हणून एकट्या ओबेडला आत घेतलं. ती भिंतीशी उभी राहिली.

आत पाच जण कठड्यामागे उभे होते. नोआ वाळला होता. ओबेडला पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली आणि त्यानं हळूच मान हलवली, नको म्हणून. ओबेडनं नजर दुसरीकडे वळवली.

गूचची साक्ष झाली. यंत्र कोणी फोडलं ते त्यानं पाहिलं नव्हतं, नोआ बोलला एवढंच पाहिलं होतं. "सभ्यपणानं बोलला," असंही तो म्हणाला. निकाल द्यायला बसलेल्या बारा पंचांतले दोघं-तिघं एकमेकांकडे बघून मान डोलवताना दिसले. ओबेडच्या छातीत ऊब आली. हे तर जमतंय.

मग त्याला वर बोलावलं. बायबलवर हात ठेवून शपथ दिली. मधल्या खुर्चीतल्या जाड न्यायाधीशानं विचारलं, "कैद्याबद्दल काय सांगायचंय?"

आणि ओबेड बोलला. वाटेत केझायापुढे अडखळला होता तसा अडखळला नाही. नोआ कधी पिऊन कामावर आला नाही. कापणीत एका गड्याचा पाय कापला तर नोआनं त्याच्या वाट्याचं पीकही कापलं आणि मजुरी त्याच्या घरी पोचती केली. गावातलं भांडण आधी नोआकडे जातं, मग पाद्रीबाबांकडे. मागे एका बाईनं रुमाल काढला.

सरकारी वकील उठला. तरुण होता, लंडनहून आलेला. खेकसेल असं ओबेडला वाटलं होतं, पण त्याचा आवाज मऊ होता.

"छान सांगितलंत. तुम्ही कैद्याबरोबर काम करता?"

"चौदा वर्षं, साहेब."

ओबेड मनात तयार होता. आता विचारणार, पहिला घाव कोणाचा. पाहिलं नाही, पाहिलं नाही, असं तो जिभेवर घोळवत होता.

"मी शहरातला माणूस," वकील म्हणाला. "कापणीतलं मला काही कळत नाही. ही लॉर्ड म्हणजे काय भानगड आहे? कोणीतरी म्हणत होतं."

ओबेडला हायसं वाटलं. हे तर त्याला झोपेतही सांगता आलं असतं. "नोआच आमचा लॉर्ड, साहेब."

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले.

"अस्सं! आणि आपण कोण?"

"मी लेडी, साहेब."

आता तर छप्पर उडायची पाळी आली. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होत्या. ओबेडही हसला. एवढी मोठी माणसं आपल्या बोलण्यावर खूश झालेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. त्याला वाटलं, हसली म्हणजे आपली झाली.

"लॉर्ड नेमका करतो काय?"

"सगळं तोच, साहेब. मालकाशी तोच बोलतो. पुढे तोच चालतो. आम्ही त्याच्या मागं."

"त्याच्या पुढे कधी कोणी जात नाही?"

"छे! लॉर्डच्या पुढे कोणी जात नाही, साहेब. चौदा वर्षांत आमच्यातला एक गडी कधी गेला नाही."

"तुम्हीसुद्धा?"

"मी तर मुळीच नाही."

"आणि तो थांबला तर?"

"सगळे थांबतात. जागच्या जागी. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही." ओबेडचा ऊर अभिमानानं भरून आला होता. दाखव म्हणाली होती केझाया. तो दाखवत होता.

"म्हणजे," वकील आणखी हळू बोलला, "त्या दिवशी गूच यांच्या कोठारात त्यानं थांबा म्हटलं असतं, तर बावीसच्या बावीस माणसं थांबली असती."

ओबेडनं कठड्याकडे पाहिलं.

सगळ्या कोर्टात त्याला एकट्या नोआचा चेहरा दिसत होता. नोआनं डोळे मिटले होते.

"त्यानं म्हटलं होतं," ओबेड म्हणाला. "साहेब, त्यानं थांब म्हटलं होतं! मी ऐकलं."

"आणि मग थांबली माणसं?"

"नाही."

"पण तुम्ही तर आत्ता शपथेवर सांगितलंत..."

"ते शेतातलं, साहेब! शेतातलं निराळं... त्या दिवशी... मी गेलो पुढे. मी! घण मी घातला पहिला. तो शेवटी आला आत, अगदी शेवटी. त्याचा काही दोष नाही हो. मला न्या. माझं नाव लिहा, ओबेड नड, हिकर्बी..."

कोर्टात गलका झाला. न्यायाधीशांनी मेज ठोकलं. "साक्षीदार! थोड्या वेळापूर्वी तू म्हणालास, मी कधीच पुढे गेलो नाही. आता म्हणतोस गेलो. यातलं एक खोटं आहे. खोट्या शपथेला शिक्षा काय असते माहीत आहे?"

"आत्ताचं खरं आहे, साहेब, देवाशप्पथ..."

"ओबेड."

कठड्यामागून आवाज आला. मोठा नव्हता. दुपारच्या उन्हात, जेवणाची वेळ झाली की यायचा तसाच आवाज.

"मायबाप, हा भोळा माणूस आहे," नोआ न्यायाधीशांना म्हणाला. "पोर गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. माझ्यासाठी काहीही बोलेल. त्याचं मनावर घेऊ नका." मग ओबेडकडे वळून, "पुरे झालं बाईसाहेब. उतरा खाली."

आणि ओबेड उतरला.

त्यानं ठरवून केलं नाही. पायांनी केलं. दोन पायऱ्या उतरून फरशीवर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडे बघतायत. न्यायाधीशांनी त्याला जा म्हटलं नव्हतं. वकिलानं म्हटलं नव्हतं.

सरकारी वकील पंचांकडे वळला. त्यानं नुसते दोन्ही हात थोडे बाजूला केले, बघा म्हटल्यासारखे, आणि खाली बसला.

ओबेड परत पायऱ्यांकडे धावला. शिपायानं कॉलर धरली. "मला बोलायचंय, अजून बोलायचंय," तो ओरडत राहिला. त्याला मागच्या बाकावर नेऊन बसवलं आणि दोघं दोन बाजूंना उभे राहिले. पंच बाहेरसुद्धा गेले नाहीत. जागेवरच डोकी एकत्र करून त्यांनी ठरवलं.

चौघांना चार महिने. नोआला सात वर्षं समुद्रापार. न्यायाधीश म्हणाले, एवढी माणसं ज्याच्या एका शब्दावर चालतात त्यानं तो शब्द चांगल्या कामी लावायला हवा होता. नोआनं निकाल ऐकून मान तुकवली. मजुरीचं ठरलं की गूचपुढे तुकवायचा तशीच. नेताना त्यानं वळून पाहिलं, पण मध्ये माणसं होती, ओबेड बुटका, त्याला काही दिसलं नाही.

ओबेडला कोणी काही केलं नाही. त्यानं बाहेरच्या शिपायाला गाठलं, "मला अटक करा," म्हणाला. शिपाई म्हणाला, "आज पंचावन्न खटले आहेत बाबा. घरी जा आणि झोप." तो कोर्टाच्या लेखनिकाकडे गेला. लेखनिकानं मान वर न करता दार दाखवलं.

केझाया भिंतीशी तिथंच उभी होती. थंडीनं ओठ निळे पडले होते. निकाल तिला आधीच कोणीतरी सांगितला होता, ते तिच्याकडे बघूनच कळलं.

"सात?" तिनं विचारलं.

"सात."

दोघं चालत शहराबाहेर आली. मागून एक गाडी घंटा वाजवत आली आणि त्यांच्या अंगावर चिखल उडवून त्या कठीण रस्त्यावरून पार दिसेनाशी झाली. मग केझाया थांबली.

"तुला काय विचारलं त्यांनी?"

"तो कसा आहे ते."

"आणि तू काय सांगितलंस?"

"त्याचं... चांगलंच सांगितलं, केझाया. सगळं चांगलं सांगितलं. काही राखलं नाही." "तो लॉर्ड आहे म्हणालो. त्याच्या पुढे कोणी जात नाही म्हणालो. मग ते म्हणाले... मग मी खरं सांगितलं, पहिला घाव माझा होता, सगळ्यांसमोर सांगितलं..."

"मला माहीत आहे घाव तुझा होता," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सांगितलंस, मग?"

"मग नोआ म्हणाला, उतर खाली."

"आणि?"

ओबेड रस्त्याकडे बघत राहिला.

"उतरलास?"

"उतरलो."

"त्या दिवशी कोठारात तो थांब म्हणाला तेव्हा नाही थांबलास. आणि आज, जेव्हा ऐकायचं नव्हतं..." तिनं तोंडावर हात धरला. रडली नाही. बऱ्याच वेळानं हात काढला तेव्हा आवाज अगदी साधा होता. "शाल दे माझी."

त्यानं गळ्यातली शाल काढून दिली. तिनं ती डोक्यावरून घेतली, नीट आवळली.

"मी पुढे जाते," ती म्हणाली. "माझ्या मागून येऊ नकोस."

हिकर्बीला जायला तो एकच रस्ता होता. हेस्टर वाट बघत असेल, घरात जळण नसेल, हे ओबेडला कळत होतं. तरी तो उभा राहिला. केझाया लहान होत होत वळणापाशी पोचली आणि दिसेनाशी झाली, तेव्हाही तो तिथंच होता. आता निघायला हरकत नाही, असं सांगणारं तिथं कोणी नव्हतं.